आकडा बरोबर होता

1 मे रोजी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचं एक दिवसाचं शिबिर असतं. रविवारी उपासना, शनिवारी निम्म्यांची ऑफिसं आणि क्लास, म्हणून महाराष्ट्र दिनाची सुट्टी. त्या वर्षी जागा होती सासवडच्या अलीकडे, मंडळीतल्याच एका कुटुंबाच्या ओळखीतलं शेत: अंजिराची बाग, बांधावर पाच जुनी आंब्याची झाडं, दोन खोल्यांचं पक्कं घर, पाण्याच्या मोटारीची खोली आणि तीन बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड. तरुणांचं काम माझ्याकडे असल्यामुळे सगळी व्यवस्था मीच लावली होती. दुपारी वळीव आला आणि पुढचा तासभर चौदा वर्षांचा एक मुलगा आमच्या हिशेबातून निसटला, तेही डोकी मोजल्यावर आकडा बरोबर भरलेला असताना. ते कसं झालं हे नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण अशी शिबिरं पुण्यातल्या पुष्कळ मंडळ्या घेतात.

जागेची पाहणी आठ दिवस आधी केली होती, आणि ती मुद्दाम दुपारी दोन वाजता. सकाळी गेलं तर प्रत्येक झाडाखाली सावली दिसते. दोनला कळतं की पाचपैकी तीनच झाडांखाली माणसं बसू शकतात, आणि तिसऱ्याच्या खाली मुंग्यांचं वारूळ आहे. विहीर दीडशे फुटांवर होती आणि तिला कठडा नव्हता. तिच्याभोवती दोरी बांधायची आणि दिवसभर एक मोठा माणूस तिथे बसवायचा, हे तिथेच ठरलं. पाण्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. खडकवासला, पानशेत, पवना, कुठल्याही धरणाच्या कडेला किंवा नदीच्या घाटावर तरुणांना नेत नाही, मग पोरं कितीही रुसोत. पोहता येणारा एक आणि त्याच्यामागे उतरणारे तीन, असंच दरवेळी घडतं.

माणसं 66. आठ-आठ तरुणांचे सात गट आणि दहा मोठी माणसं. गाड्या दोन, 49 आसनी बस आणि 17 आसनी ट्रॅव्हलर. स्वयंपाकी आणि त्याचे दोन मदतनीस त्यांच्या टेम्पोने आले. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाकडून पालकांच्या सहीचं पत्र घेतलं होतं. त्यात औषधं, दमा, कशाची ॲलर्जी आणि दोन फोन नंबर. मुलींबरोबर तीन ताया आणि एक मावशी. स्वच्छतागृह घरात एकच, म्हणून शेताच्या पलीकडे दोनशे मीटरवर असलेल्या गावच्या शाळेच्या दोन स्वच्छतागृहांची किल्ली घेतली. वर्गखोलीची किल्ली मागितली नाही. ती मागायला हवी होती, ते पुढे येईलच.

पुरंदर तालुक्यात मे महिन्यात गावांना टँकर लागतो. शेतकऱ्याच्या पाण्यावर आपण सत्तर माणसं घेऊन जाणं बरोबर नाही. पिण्यासाठी माणशी चार लिटर धरून वीस लिटरचे 14 जार होतात. आम्ही 16 नेले आणि दीड उरला. धुण्याभांड्यासाठी पाचशे लिटरची टाकी वेगळी भरून आणली. लिंबू सरबतात मीठ घालायला मुलं विसरतात आणि मग दुपारी डोकं धरून बसतात. जलसंजीवनीचं माप सगळ्या गटप्रमुखांना पाठ करून घेतलं होतं: एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

सकाळी सहा किलो पोहे. दुपारी बारा किलो चिकनचा रस्सा, न खाणाऱ्या नऊ जणांसाठी बटाटा-वाटाणा, सहा किलो भात, आणि सासवडच्या बचत गटाकडून दोनशे चपात्या. भाकरी मागवायचा मोह होतो, पण तीन तासांत ती वातड होते. चिकन पुण्याहून नेलं नाही. साडेनऊला सासवडमध्ये कापून घेतलं आणि अकराच्या आत पातेल्यात टाकलं. वाटण घरून नेलं होतं, त्यात फक्त सुकं खोबरं आणि खरपूस भाजलेला कांदा. ओल्या खोबऱ्याचं वाटण मेच्या उन्हात दहा वाजेपर्यंत आंबतं. दह्याची कोशिंबीरही म्हणूनच नाही, कांदा आणि लिंबू. माळावर वारा असतो आणि शेगडीची आच एका बाजूला पळते, म्हणून तीन बाजूंनी पत्रे उभे करावे लागतात. ते नसले तर एवढ्या मोठ्या पातेल्याला उकळी यायलाच तास जातो आणि एकचं जेवण अडीचला होतं. आमचं एकला झालं.

सकाळची उपासना आंब्याखाली. पेटी, ढोलकी आणि चार जोड्या टाळ. मुलांनी गिटार आणली होती, पण उघड्यावर माइकशिवाय गिटार चौथ्या रांगेपलीकडे पोचत नाही. ढोलकी आणि टाळ बांधाच्या टोकापर्यंत जातात. छापलेले कागद वाऱ्याने उडतात. भजनाला कागद लागत नाही, एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी धरायचं. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर ना. वा. टिळकांनी अभंग आणि ओवी ख्रिस्ती उपासनेत रुजवली. त्या चालींची ताकद मला चर्चमधल्यापेक्षा मोकळ्या माळावर जास्त जाणवते.

गट पाडताना मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र येतात, म्हणून सात रंगांच्या लोकरीचे धागे पिशवीत घालून चिठ्ठीसारखे काढायला लावले. वयाप्रमाणे दोन पिशव्या, म्हणजे प्रत्येक गटात दोघं-तिघं विशीच्या पुढचे येतात. निघालेला धागा मनगटाला बांधायचा. पहिलं काम खेळाचं नाही, कांदे चिरायचं. नवीन आलेली मुलगी ओळख करून देताना नाव सांगून गप्प बसते, पण कांदे चिरताना शेजारच्या ताईला बारावीचं टेन्शन सांगून मोकळी होते. सहभागिता म्हणतात ती मला तरी बहुतेक वेळा अशीच झालेली दिसली आहे. खेळांत रस्सीखेच होती, तिला तागाचा जाड दोर. नायलॉनचा कधीच नाही. तो ताणतो आणि तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हेही दर डावाला सांगावं लागतं.

गटचर्चेला मार्ककृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय. पाच हजारांच्या जेवणाआधी येशू लोकांना हिरव्या गवतावर शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नासच्या पंक्तींनी बसवतो. पंक्ती कशाला, असं विचारलं तर निळ्या गटातला एक पोरगा पटकन म्हणाला, “दादा, वाढायला सोपं. आणि कोण राहिलं ते दिसतं.” पुढे तासाभराने हिशेबातून निसटला तो हाच.

पश्चिमेला, सह्याद्रीच्या बाजूला, साडेबारापासून ढग चढत होते. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, कडा पांढऱ्याशुभ्र आणि टणक. अडीचपर्यंत माथा ऐरणीसारखा पसरला. मे महिन्यात तापलेल्या पठारावर अरबी समुद्राकडून ओलसर वारा आला की वळवाचे ढग असेच उभे राहतात आणि बहुतेक वेळा दुपारी तीननंतर कोसळतात. वीज कुठे पडते आहे हे सांगणारं ‘दामिनी’ ॲप आपल्या पुण्यातल्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे. सकाळी ते पाहिलं होतं, तेव्हा काही नव्हतं. दुपारी पाहायचं तर इंटरनेट फक्त घराच्या ओट्यावर.

तीन वाजून पाच मिनिटांनी गडगडाट ऐकू आला. चमक आणि आवाज यांत 40 सेकंद. तीन सेकंदाला एक किलोमीटर, म्हणजे साधारण तेरा किलोमीटर. नियम मला माहीत होता: गडगडाट ऐकू आला की आपण विजेच्या टप्प्यात आहोत, लगेच हलायचं. मी चर्चा संपेपर्यंत दहा मिनिटं थांबलो. गट रंगले होते, एक मुलगी घरच्या अडचणीची साक्ष देत होती, तिला तोडवेना. ही चूक माझीच.

सव्वातीनला धुळीचा लोट आला, मग बोराएवढ्या गारा. आता अंतर पंधरा सेकंदांवर. उंच एकट्या झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट, कारण वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांच्या बाजूने जमिनीतूनही पसरते. उघडं पत्र्याचं शेड म्हणजे आसरा नव्हे, डोक्यावर छप्पर आहे एवढाच त्याचा दिलासा. शाळेची पक्की इमारत दोनशे मीटरवर होती आणि वर्गांना कुलपं. उरल्या बंद गाड्या. बस आणि ट्रॅव्हलर यांना पत्र्याचा बंद सांगाडा असतो, वीज पडली तर ती बाहेरूनच जमिनीत जाते. काचा वर घ्यायच्या, धातूला हात लावायचा नाही. “जी गाडी जवळ ती धरा!” असं ओरडलो आणि मुलं पळाली.

नावांची यादी माझ्या खिशात होती, जेल पेनने लिहिलेली. बाहेर काढली तर निळा चिखल. म्हणून डोकी मोजली. बसमध्ये 49, ट्रॅव्हलरमध्ये 17. फोनवर दोन्ही आकडे जुळले, 66, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पाचेक मिनिटांनी निळ्या गटाची प्रमुख मागच्या सीटवरून पुढे आली. “दादा, माझ्यासकट सहा इथे आहेत, ट्रॅव्हलरमध्ये एक आहे. म्हणजे सातच होतात आणि तो दिसत नाहीये.” तिने आकडा मोजला नव्हता, आपली माणसं पाहिली होती. मी सगळ्यांना हात वर करायला सांगितलं. मनगटामागून मनगट पाहत गेलो: लाल, पिवळा, हिरवा, पिवळा. सहाव्या रांगेत खिडकीपाशी पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा, मनगट मोकळं आणि बोटांना हळद. स्वयंपाक्याचा मदतनीस. तो बिचारा सगळ्यांबरोबर पळत जवळच्या गाडीत चढला, त्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं. एक आमचा कमी, एक बाहेरचा जास्त, आणि आकडा बरोबर.

चमक आणि आवाजात तेव्हा सहा-सात सेकंद होते, म्हणजे दोनेक किलोमीटर. दार उघडून धावत सुटावं असं अंगात येतं. पण उघड्या शेतात धावणारा माणूस हा दुसरा हरवलेला माणूस ठरू शकतो, आणि तो कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं. पोरांचे फोन सकाळी पिशवीत गोळा केले होते, म्हणजे त्याला फोन करायची सोयही मीच काढून घेतलेली. घरातल्या काकांना फोन लावला. चौथ्यांदा लागला. काकू खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, “मोटारीच्या खोलीत आहे पोरगं. पेटी घेऊन बसलंय.”

घरापासून ती खोली वीस फुटांवर. आत स्टार्टरचा डबा, मीटर, खांबावरून आलेली तार. वीज लाइनवर पडली तर ती तिथेच येते. त्याला बाहेर काढून घराकडे पळवायचं का, हे मला बसमध्ये बसून ठरवायचं होतं. मी म्हटलं, नको, आहे तिथेच राहू दे, फक्त जागा बदलायला सांगा: भिंत सोड, स्टार्टरपासून लांब, ओल्या फरशीवर पाय नको, कोरड्या लाकडी फळीवर पाय जुळवून बस. काकूंनी हे खिडकीतून एकेक शब्द ओरडून सांगितलं, मधे गारांचा आवाज. त्याने ऐकलं. बसमध्ये कोणीतरी हळू आवाजात प्रार्थना सुरू केली आणि मागच्या रांगांपर्यंत सगळे त्यात आले. मी डोळे मिटू शकलो नाही, मी सेकंद मोजत होतो. सात. नऊ. चौदा. बावीस.

शेवटचा गडगडाट तीन पन्नासला ऐकला. त्यानंतर पूर्ण अर्धा तास कोणालाही उतरू दिलं नाही. पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं तेव्हा हा अर्धा तास पाळणं फार जड जातं, पण मागे सरकणाऱ्या ढगाच्या शेपटातूनही वीज पडते. चार वीसला मी आणि निळ्या गटाची प्रमुख गेलो. तो फळीवर पाय जुळवून बसला होता आणि पेटी शर्टात गुंडाळलेली. मंडळीची पेटी भिजेल म्हणून तो चर्चेतून उठून उलट दिशेला गेला होता, त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. पेटी भिजली नव्हती. ढोलकी मात्र आंब्याखाली राहिली आणि तिची दोन्ही तोंडं सैल झाली.

आता बदललेल्या गोष्टी अशा. उघड्यावरचं सगळं बाराच्या आत, जेवणानंतर छताखाली, आणि मे महिन्यात तीनला गाड्या सुटतात. जागा ठरवताना पक्क्या खोलीची किल्ली हातात आल्याशिवाय तारीख जाहीर होत नाही. गटप्रमुखाचा फोन त्याच्याकडेच राहतो. यादी पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहितो आणि प्रत्येक गटप्रमुखाकडे आठ नावांचा वेगळा पुठ्ठा असतो. हजेरी नावानेच, आणि उत्तर देणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे. स्वयंपाकी, मदतनीस, ड्रायव्हर यांचीही नावं यादीत येतात आणि त्यांच्याही मनगटाला धागा असतो, पांढरा.

त्या दिवशी परतताना दिवे घाट उतरण्याआधी बस थांबवून त्या मुलाच्या आईला फोन केला. तासाभरात फोटो आणि गोष्टी ग्रुपवर फिरल्याच असत्या, तिला ते तिथून कळायला नको होतं. काय झालं, कोणाचं चुकलं, तो आता कसा आहे, याच क्रमाने सांगितलं. तिने एकच विचारलं, “जेवलाय का नीट?” जेवला होता, रस्सा दोनदा घेतला होता.

चर्चच्या फाटकात पाळकसाहेब टॉर्च घेऊन उभे होते. यादी नव्हती, म्हणून कात्री घेतली. पालक किंवा मोठं भावंड समोर येईल तसा एकेकाचा धागा कापायचा आणि पिशवीत टाकायचा. जे एकटे घरी जाणारे, त्यांनी घरी पोचल्याचा फोन गटप्रमुखाला करायचा. नऊ वाजून दहा मिनिटांनी टेबलावर सात रंगांच्या सात ओळी लावल्या, आठ-आठ धाग्यांच्या. निळ्या ओळीतले दोनदा मोजले.