इव्हेंट लूप एकदा तरी हाताने लिहावा

असिंक-अवेट (वाट बघत न अडकता अनेक कामं चालवायची प्रोग्रॅमिंगमधली पद्धत) आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांनाही तोंडपाठ असतं. इंटरव्ह्यूला आलेली मुलं भराभर सांगतात: एकच थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा), नॉन-ब्लॉकिंग सॉकेट (कनेक्शनचं असं टोक, जे डेटा नसला तरी अडवून ठेवत नाही), हजारो कनेक्शन. सगळं बरोबर. पण "एका कनेक्शनवरून अर्धाच मेसेज आला, तर तो अर्धा मेसेज राहतो कुठे?" असं विचारलं की बरेच जण अडखळतात. माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नात आहे. म्हणून आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सी भाषेत, कुठलीही लायब्ररी न घेता, छोटा इव्हेंट लूप, म्हणजे कुठल्या कनेक्शनवर काही घडलंय ते बघून एकेकाचं काम करणारं चक्र, लिहायला लावते.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत सर्व्हरची बाजू बघते. कारखान्यातल्या एअर कॉम्प्रेसरवर बसवायची युनिटं आम्ही बनवतो. युनिटात सिमकार्ड असतं. हवेचा दाब, तेलाचं तापमान, मोटरचा करंट हे सगळं ते दर अर्ध्या मिनिटाला टीसीपीवरून (इंटरनेटवर बाइट क्रमाने पोचवणारा प्रोटोकॉल) आमच्या सर्व्हरला कळवतं. चाकण, तळेगाव, रांजणगाव आणि अगदी आमच्या गल्लीतही ही युनिटं आहेत. युनिट एकदा कनेक्शन जोडतं आणि धरून ठेवतं, कारण मधूनच आम्हालाही त्याला काही सांगायचं असतं: सेटिंग बदल, नवं फर्मवेअर (युनिटातला प्रोग्रॅम) घे. म्हणजे कनेक्शन हजारो आणि कुठल्याही क्षणी त्यातली बहुतेक गप्प. इव्हेंट लूपला याहून साजेसं काम नाही.

"ताई, पण प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड दिला तर काय बिघडतं?" हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच, आणि प्रश्न चांगला आहे. शे-दोनशे कनेक्शन असतील तर काहीच बिघडत नाही, उलट कोड सरळ राहतो. लिनक्सवर थ्रेडचा स्टॅक (चालू फंक्शनांची माहिती ठेवायची मेमरी) साधारणपणे ८ एमबीचा असतो म्हणून लोक घाबरतात, पण ती नुसती राखून ठेवलेली जागा असते; खरी मेमरी वापराल तेवढीच जाते. हजारोंच्या घरात गेलं की शेड्युलरवरचा (सीपीयू कुठल्या थ्रेडला द्यायचा ते ठरवणाऱ्यावरचा) भार, कॉन्टेक्स्ट स्विच (एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाणं) आणि सामायिक डेटाभोवतीची लॉकं जाणवायला लागतात.

पण मला मुलांना दाखवायचं असतं ते वेगळंच. थ्रेड रीडवर, म्हणजे डेटा येण्याची वाट बघत, अडकून बसतो तेव्हा त्याचा स्टॅक त्याच्यासाठी सगळं लक्षात ठेवत असतो: लांबीचे २ बाइट वाचून झाले, मेसेज ४६ बाइटचा आहे, त्यातले १९ आले, आपण अमुक फंक्शनच्या अमुक ओळीवर आहोत. हे फुकट मिळतं, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. इव्हेंट लूपमध्ये मात्र अडून बसायची सोय नाही. फंक्शनमधून परत यायचं, आणि परत आलं की स्टॅकवरचं सगळं गेलं. ते आता तुम्ही स्वतः लिहून ठेवायचं. पिठाच्या गिरणीत दळणाच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते: गहू, बारीक, ज्वारी, जाडसर. गिरणीवाल्याला कुणाचं काय ते डोक्यात ठेवावं लागत नाही, डबा हाती आला की चिठ्ठी वाचायची. प्रत्येक कनेक्शनचं स्ट्रक्चर (त्याची माहिती ठेवणारा डेटाचा गठ्ठा) म्हणजे ती चिठ्ठी, आणि इव्हेंट लूप लिहिणं म्हणजे नव्वद टक्के ही चिठ्ठी नीट लिहिणं.

लूप स्वतः फार छोटा असतो. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करायचा, ईपोलकडे (कुठला सॉकेट तयार आहे ते सांगणारी लिनक्सची सोय) नोंदवायचा, ईपोल-वेटवर थांबायचं. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तयार सॉकेटांची यादी हातात देतो. एकेकाचं जमेल तेवढं काम करायचं आणि पुन्हा थांबायला जायचं. वाचताना 'ईअगेन' आलं तर ती चूक नव्हे. आत्ता काही नाही, नंतर ये, इतकंच. हे सगळं पन्नास-साठ ओळींत बसतं.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगते. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये ईपोलचा पूर्वज 'सिलेक्ट' आलं. त्याला दरवेळी सगळ्या सॉकेटांची यादी नव्याने द्यावी लागते, आणि नेहमीच्या मांडणीत १०२४ च्या वर जाता येत नाही. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका सर्व्हरवर दहा हजार क्लायंट कसे सांभाळायचे, हा प्रश्न 'सी-टेन-के' या नावाने मांडला. २००० मध्ये फ्रीबीएसडीत त्याच कामाचं केक्यू आलं, २००२ मध्ये लिनक्सच्या २.५ मालिकेत ईपोल आलं. आज लिनक्सवर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), रेडिस (डेटाबेस), नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) हे सगळे ईपोलवरच उभे आहेत.

आता अर्ध्या मेसेजकडे. टीसीपीला मेसेज माहीतच नाही, त्याला फक्त बाइटांची धार माहीत. आमच्या युनिटाचा मेसेज म्हणजे आधी २ बाइट लांबी आणि मागून तेवढा मजकूर. ऑफिसात टेबलावर टेस्ट केलं की एका रीडमध्ये नेमका एक मेसेज मिळतो, आणि मुलांना वाटतं असंच असतं. चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सिग्नलची एक दांडी असताना, तसं होत नाही. लांबीच्या दोन बाइटांपैकी एकच येतो. कधी एका रीडमध्ये अडीच मेसेज येतात. म्हणून बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जमा करत जायचं आणि पूर्ण झालेले मेसेज एकामागून एक काढत राहायचं, अर्धवट उरेल तोपर्यंत. इथे 'इफ'च्या (एकदाच तपासा) जागी 'व्हाइल' (असेल तोवर पुन्हा करा) लागतो, आणि नवीन मुलांच्या कोडमध्ये मी सगळ्यात आधी तेच शोधते. 'इफ' लिहिलं तर पहिला मेसेज निघतो, दुसरा बफरमध्ये पडून राहतो, आणि पुढची रीड होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. ग्राहकाला दिसतं ते असं, की रीडिंग कायम अर्धा मिनिट मागे. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकही एरर नाही. असला दोष शोधायला फार वेळ जातो, म्हणून कारण आधीच ठाऊक असलेलं बरं.

लिहिण्याची बाजू याहून अवघड, आणि शिकवताना हीच सगळ्यात जास्त वगळली जाते. पाठवणाऱ्या सेंड फंक्शनला हजार बाइट दिले म्हणजे हजार गेले असं नाही. कर्नलच्या बफरमध्ये जागा असेल तेवढेच तो घेतो आणि किती घेतले ते सांगतो. उरलेले तुमच्याकडे. ते जपून ठेवायचे, ईपोलला सांगायचं की या सॉकेटमध्ये लिहायला जागा झाली की कळव, आणि सगळं गेलं की ती नोंद काढून टाकायची. काढायची राहिली तर? सॉकेटमध्ये लिहायला जागा जवळजवळ नेहमीच असते, त्यामुळे ईपोल-वेट थांबतच नाही, लगेच परत येतं, आणि काही काम नसताना एक सीपीयू शंभर टक्के जळत बसतो.

फर्मवेअर पाठवताना हे फार स्पष्ट दिसतं. फाइल तीनशे केबीच्या आसपासची आणि युनिट टूजीवर. सेंड पहिला घास घेतो आणि ईअगेन म्हणतो. आता प्रत्येक कनेक्शनच्या बफरमध्ये अख्खी फाइल कॉपी केली, तर हजार युनिटांना तीनशे एमबी लागतात. त्यापेक्षा फाइल मेमरीत एकदाच ठेवायची आणि प्रत्येक कनेक्शनच्या चिठ्ठीवर फक्त एक आकडा लिहायचा: इथपर्यंत पाठवून झालं. अख्ख्या फाइलची जागा एका आकड्याने घेतली. मला हा भाग शिकवायला मनापासून आवडतो, कारण स्टेट (कनेक्शन कुठवर आलंय ती नोंद) स्वतःच्या हातात असल्याचा फायदा इथे डोळ्यांना दिसतो.

आता गुरुवार. आमच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी आणि विजेची देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी. वीज जाते तेव्हा युनिट 'येतो' म्हणायला थांबत नाही, कनेक्शन बंद झाल्याचं कुठलंही पॅकेट येत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने ते कनेक्शन धडधाकट असतं. टीसीपीच्या कीपअलाइव्हवर (गप्प कनेक्शन जिवंत आहे का ते तपासायची सोय) विसंबून चालत नाही. लिनक्सवर तो मुद्दाम चालू करावा लागतो आणि चालू केल्यावरही पहिली चाचपणी डिफॉल्टने दोन तासांनी होते. म्हणून लूपला स्वतःची घड्याळं लागतात. सगळ्या मुदती एका मिन-हीपमध्ये (सगळ्यात लहान आकडा नेहमी वर ठेवणाऱ्या रचनेत) ठेवायच्या, सगळ्यात जवळच्या मुदतीला किती वेळ उरलाय तेवढाच टाइमआउट ईपोल-वेटला द्यायचा. वेळ मात्र मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणाऱ्या) घड्याळाची घ्यायची, कारण भिंतीवरची वेळ एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) मागेपुढे करू शकतं.

यात एक युक्ती आहे. दर मेसेजला हीपमधली मुदत हलवत बसायचं नाही. मेसेज आला की फक्त 'शेवटचं कधी ऐकलं' एवढंच लिहायचं. मुदत उगवली की तो आकडा बघायचा. मधे काही ऐकलं असेल तर नवी मुदत लावून पुन्हा हीपमध्ये टाकायचं, नसेल तर कनेक्शन बंद. दिवसभर बोलणाऱ्या युनिटांसाठी हीपचं काम यामुळे कितीतरी कमी होतं.

संध्याकाळी वीज येते आणि शेकडो युनिटं एकाच वेळी दार ठोठावतात. सकाळची मेलेली कनेक्शनं साफ केलेली नसतील तर ती आपापले डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटला कर्नलने दिलेले नंबर) अडवून बसलेली असतात, आणि एका प्रोसेसची डिफॉल्ट मर्यादा बऱ्याच ठिकाणी १०२४ च असते. ती भरली की अॅक्सेप्ट (नवं कनेक्शन घेणारं फंक्शन) नाही म्हणतं. पण वाट बघणारं कनेक्शन रांगेतच राहतं, ईपोल पुन्हा सांगतं की कोणीतरी आलंय, अॅक्सेप्ट पुन्हा नाही म्हणतं, आणि लूप जागच्या जागी गरगरत राहतो. मर्यादा वाढवणं हा पहिला उपाय. दुसरा जुना आणि सुंदर आहे: सुरुवातीलाच एक डिस्क्रिप्टर उगाच उघडून राखून ठेवायचा. मर्यादा संपली की तो बंद करायचा, मोकळ्या जागी आलेलं कनेक्शन घेऊन लगेच बंद करायचं, आणि राखीव पुन्हा उघडायचा. युनिट थोड्या वेळाने परत येतं. शिवाय लिसनची, म्हणजे घेतलं जायची वाट बघणाऱ्या कनेक्शनांची, रांग किती लांब असू शकते तेही तपासावं, लिनक्स ५.४ च्या आधी तिची डिफॉल्ट कमाल १२८ होती, ५.४ पासून ४०९६ झाली. आणि फर्मवेअरमध्ये पुन्हा जोडण्यापूर्वी प्रत्येक युनिटाने काही सेकंद यादृच्छिक थांबावं. सर्व्हरचा अर्धा भार एवढ्यानेच हलका होतो.

गुरुवारच्या गर्दीतच आणखी एक बारीक गोष्ट डोकं वर काढते. ईपोलने दिलेल्या यादीत तिसऱ्या नंबरचं काम करताना तुम्ही सातव्या नंबरचं कनेक्शन बंद केलंत. तेवढ्यात पाचव्या जागी अॅक्सेप्ट झालं आणि कर्नलने नव्या पाहुण्याला तोच मोकळा झालेला डिस्क्रिप्टर दिला. आता सातव्या जागेचा इव्हेंट जुन्याचा, पण पोचतो नव्याकडे. उपाय सोपा: बंद करायची कनेक्शनं बाजूला मांडून ठेवायची आणि अख्खी यादी संपल्यावरच खरोखर बंद करायची.

लूपमध्ये अडणारं काही करायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण काय काय अडतं याची यादी बहुतेकांच्या मनात अपुरी असते. डेटाबेसची क्वेरी अडते. होस्टचं नाव शोधणारं गेटअॅड्रइन्फो अडतं. डिस्कवरची फाइलसुद्धा, साधी फाइल ईपोलला दिली तर तो सरळ नकार देतो. म्हणून नोडखालची लिबयूव्ही लायब्ररी अशा कामांना वेगळे थ्रेड ठेवते, डिफॉल्टने चार. आमच्याकडे डेटाबेसचं लिखाण एका वेगळ्या थ्रेडकडे आहे. लूप त्याच्या रांगेत रीडिंग टाकतो, आणि काम झालं की तो थ्रेड इव्हेंटएफडीवर (ईपोलला देता येणाऱ्या सूचनेच्या घंटीवर) लिहून लूपला उठवतो.

एवढं करून झालं की मी मुलांना पायथॉनचा असिंकआयओ (तयार इव्हेंट लूप) खुशाल वापरू देते. तो ३.४ मध्ये, २०१४ साली आला, आणि असिंक-अवेट त्यात ३.५ पासून लिहिता येऊ लागलं. अवेट नेमकं काय करतं ते आता त्यांना दिसतं: फंक्शनची लोकल व्हेरिएबल आणि थांबलेली ओळ एका ऑब्जेक्टमध्ये जपून ठेवतं. चिठ्ठी लिहायचं काम भाषेने अंगावर घेतलं. पण लिहिण्याची बाजू तिथेही मिटलेली नाही. रायटरचं (डेटा पाठवणाऱ्या ऑब्जेक्टचं) राइट थांबत नाही, ते बफरमध्ये भरत जातं. ड्रेनवर (बफर पुरेसा रिकामा होईपर्यंत थांबणाऱ्या फंक्शनवर) अवेट केलं नाही तर मंद युनिटामागे मेमरी फुगत जाते. ज्याने उरलेले बाइट एकदा हाताने सांभाळलेत, त्याला ड्रेन वगळावंसं वाटत नाही.

घरी करून बघायचं असेल तर सर्व्हरसोबत चार खोडकर क्लायंट लिहा. एक, जो प्रत्येक बाइट वेगळा, मधे थांबून पाठवतो. एक, जो तीन मेसेज एकत्र चिकटवून पाठवतो. एक, जो लांबी सांगतो आणि मजकुराच्या मध्यावर निघून जातो. आणि एक, जो मागण्या पाठवत राहतो पण उत्तर कधीच वाचत नाही. शेवटच्याला रात्रभर चालू ठेवा आणि सकाळी सर्व्हरची मेमरी बघा. वाढलेली असेल तर त्या कनेक्शनचं वाचणं कधी थांबवायचं, ते चिठ्ठीवर लिहायचं राहिलंय.