टाकीची भिंत आणि डावा पाय

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा समितीतल्या मित्राचा फोन आला. मी म्हटलं, मी काय लिहू? मी बोर्डात आलो नाही, स्नेहसंमेलनात कधी तोंडाला रंग लावला नाही. तो म्हणाला, "सरांवर लिही ना बे." कोणते सर, हे मी विचारलं नाही. बाकीच्या शिक्षकांना आडनाव जोडावं लागायचं, पी.टी.चे सर मात्र नुसते 'सर'. गणित-संस्कृतवाल्या गुरुजनांवर लिहायला हुशार मंडळी आहेतच, त्यांनी राग मानू नये.

मोठ्या टाकीची मागची भिंत तुम्हाला आठवत असेल. सरांनी तिच्यावर गेरूने एक आडवी रेघ ओढली होती, गुडघ्याच्या जरा खाली. फुटबॉलला नाव दिलेल्या पोरांना पहिले कित्येक दिवस गोलपोस्ट दिसायचीच नाही. भिंतीसमोर उभं राहायचं आणि रेघेच्या खाली चेंडू मारायचा, तोही पावलाच्या आतल्या बाजूने. घोटा ताठ, टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, त्याची बोटं भिंतीकडे. अंगठ्याने मारलेला चेंडू हमखास वर उडायचा आणि चुन्यावर गोल डाग पडायचा. त्या डागांवरून मुख्याध्यापकांची आणि सरांची दर दिवाळीपूर्वी, रंगरंगोटीच्या वेळी, खडाजंगी व्हायची.

खरी परीक्षा परतून येणाऱ्या चेंडूची. आम्ही पाय ताठ धरायचो आणि चेंडू टणकन पुढे निघून जायचा. सर ओरडायचे, "काऊन बे, पाव्हणा दारात आला त त्याले ढकलतं का कोनी? मांगं सरून आत घे त्याले!" चेंडू पायाला लागतो त्याच क्षणी पाऊल थोडं सैल सोडून मागे न्यायचं, म्हणजे त्याचा जोर तिथेच मरतो. फुटबॉलमधलं निम्मं कसब या एका गोष्टीत आहे, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. त्यानंतर तळव्याने चेंडू मागे ओढणं, बाहेरच्या कडेने वळवणं, विटा मांडून त्यांच्यामधून नेणं. मान वर ठेवायची, चेंडूकडे बघायचं नाही. सर समोर उभे राहून बोटं दाखवायचे आणि आम्ही चेंडू नेता नेता ती मोजून सांगायची.

आता तो किस्सा. १९८६चा विश्वचषक दूरदर्शनवर थेट दिसला. २२ जूनचा अर्जेंटिना-इंग्लंड सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला. आमच्या वाड्यात एकच टीव्ही, त्यापुढे नागपूरचा अख्खा महाल भाग लोटल्यासारखी गर्दी. मॅराडोनाने निम्म्या मैदानापलीकडून इंग्लंडच्या खेळाडूंना चकवत दुसरा गोल केला, तो सगळा डाव्याच पायाने. विदर्भातल्या शाळा तेव्हा जूनच्या शेवटी उघडायच्या. पहिल्याच सरावाला सरांनी माझ्या डाव्या पायाचं काम काढलं आणि मी, नववीतला शहाणा, बोललो, "सर, मॅराडोना कुठे दोन पायांनी खेळतो?"

पोट्टे हसले. सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "त्याचा एक पाय तुह्या दोन पायायच्या वर हाय. उजवा बूट काढ. इकडं दे." माझा कॅनव्हासचा बूट त्यांनी सायकलच्या कॅरिअरला लावला. पाऊस पडून गेलेला, काळ्या मातीचा चिखल. नियमात चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं, पण ते सामना सुरू होतानाचं. आमचा जुना चामड्याचा चेंडू पाणी पिऊन असा जड व्हायचा की उघड्या पायाने दोनदा मारला की पाय झिणझिणायचा. झक मारत डावा पाय चालवावा लागला. सराव संपल्यावर सर बूट घेऊन घरी गेले! मी एका बुटात सायकल मारत आलो. आईने विचारलं, "दुसरा कुठे?" म्हटलं, सरांकडे. "बरं," एवढंच म्हणून ती पोळ्यांकडे वळली. सकाळी प्रार्थनेच्या आधी बूट परत मिळाला, धुतलेला. हे पुढे बरेच दिवस चाललं. दसऱ्यापर्यंत डावीकडून आलेला चेंडू उजव्यावर घ्यायला मी वळेनासा झालो होतो.

सरांचा देव मात्र मॅराडोना नव्हता, चुनी गोस्वामी होता. १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये त्याच्या कप्तानीत भारताने सुवर्णपदक आणलं, ही गोष्ट ते रेडिओवर ऐकल्यासारखी रंगवून सांगायचे. रविवारी सायकलींवर आम्हाला कामठीला सामने बघायला न्यायचे. "चेंडू नोका पाहू, त्या पोरायचे पाय पाहा." चेंडूची शिवण उसवली की मेणाचा दोरा घेऊन व्हरांड्यात बसलेले सर ज्यांनी पाहिले असतील, त्यांना आणखी काय सांगू?

पुढे मी अभियंता झालो, गोसीखुर्दच्या कालव्यांवर उमेदीची वर्षं घालवली, आज अधीक्षक अभियंता आहे. मुलगी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, बापाच्या गुडघ्यांवर तिची प्रॅक्टिस चालते. रविवारी आम्ही चाळिशीपार मंडळी वर्धा रोडवर टर्फ भाड्याने घेऊन खेळतो. शेजारच्या जाळीत पोरांची कोचिंग सुरू असते. रंगीत शंकू, जमिनीवर शिडी, भारीचे बूट. चेंडू डोक्यावरून उडवायच्या करामती त्यांना येतात, पण साधा पास पायात मरत नाही. तासाचे पैसे भरलेले असतात, भिंतीसमोर कोण उभं राहणार?

गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीला शाळेत आलो. टाकी पाडली आहे. तिथे पेव्हर ब्लॉक आणि स्कूटर. नवी इमारत देखणी आहे, यात वाद नाही, पण मैदान अर्धं गिळलंय हे कुणीतरी बोलायला हवं, तर मी बोलतो. सर आता नाहीत, ते असते तर बैठकीतच बोलले असते, आणि वऱ्हाडीत बोलले असते.

त्यामुळे समितीला एकच मागणी आहे. सभागृहाला माझं नाव नको, फरशीही नको. नव्या इमारतीची उत्तरेकडची बाजू अजून प्लास्टरची आहे. ती पोरांना चेंडू मारायला मोकळी ठेवा, तिथे खिडक्या काढू नका, स्कूटर लावू देऊ नका. खर्चाचा अंदाज मी स्वतः काढून देतो, पैसेही मीच भरतो. आणि डाग पडले तर दिवाळीला चुन्याचा डबा माझ्याकडून.