नोड-रेड आणि पाच वाजताचा पाऊस

मुलुंडच्या आमच्या घरी गॅलरीत वाळत घातलेले कपडे पावसाआधी आत यावेत, एवढ्याच हेतूने मी जुन्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर नोड-रेड बसवले. २०१३ साली आयबीएममध्ये जन्मलेल्या या प्रोग्रॅम जुळवण्याच्या साधनात पडद्यावर नोड, म्हणजे एकेक काम करणारे चौकोन, मांडून ते तारांनी जोडायचे असतात. ओपन-मेटिओ या हवामान-अंदाजाच्या ऑनलाइन सेवेकडून ताशी अंदाज मागवायचा, चार ते पाच या वेळेतला पाऊस त्यातून काढायचा आणि तो अर्ध्या मिलिमीटरहून अधिक असल्यास चारलाच दिवा लावायचा, असा बेत होता.

सेवेकडे विनंती पाठवणारा एचटीटीपी रिक्वेस्ट नोड मुळात आलेले उत्तर निव्वळ मजकूर म्हणून पुढे पाठवतो, आणि मजकुराच्या पोटात शिरता येत नाही. त्यामुळे आधी त्याच नोडमध्ये जेसन ऑब्जेक्टचा, म्हणजे उत्तर नावानिशी कप्प्यांत मांडून देण्याचा, पर्याय निवडावा लागला. मग आलेली माहिती दाखवणाऱ्या डीबगच्या पट्टीत बाणावर टिचकी मारत पेलोड (आलेले उत्तर), त्यात अवरली (ताशी), त्यात प्रेसिपिटेशन (पाऊस) असे एकेक पदर उलगडले. हव्या त्या आकड्यावर माउस नेला की तिथवरचा पूर्ण मार्ग कॉपी करण्याचे बारीकसे बटण दिसते, ते पुष्कळांच्या नजरेतून सुटते. मोजणी शून्यापासून असल्याने पाच वाजता म्हणजे क्रमांक १७, असे धरून मी तो मार्ग, हवे ते मूल्य उचलून पुढे देणाऱ्या चेंज नोडमध्ये डकवला.

दुसऱ्याच दिवशी साडेचारला धो धो पाऊस कोसळला. दिवा मात्र ढिम्म. “तुझ्या दिव्याला सांग, चादरी भिजल्या,” आई म्हणाली.

मार्ग बिनचूक होता, चूक माझ्या गृहीतकात होती. टाइमझोन न सांगितल्यास ही सेवा ग्रिनिच वेळ देते, त्यामुळे यादीतला शून्य क्रमांक आपल्या पहाटे साडेपाचचा आणि १७ क्रमांक रात्री साडेदहाचा होता. प्रत्येक आकडा सरलेल्या तासाची बेरीज असल्याने पाचचा खाना निवडणे योग्यच होते. फक्त तो पाचचा नव्हता. वेळा एका यादीत आणि पाऊस दुसऱ्या यादीत, दोन्हींना जोडणारा दुवा फक्त क्रमांकाचा, अशी ही रचना आहे. म्हणून विनंतीत एशिया/कोलकाता घातलेच, शिवाय चेंज नोड काढून, स्वतःचा कोड लिहिता येणाऱ्या फंक्शन नोडमध्ये आधी वेळांच्या यादीत त्या दिवशीचे पाच शोधतो आणि सापडलेल्या क्रमांकावरचाच पाऊस उचलतो. वेळ न सापडल्यास क्रमांक उणे एक येतो, त्या जागी काहीच नसते आणि एररही न येता दिवा गुपचूप बंद राहतो. तेव्हा तो लुकलुकावा अशी सोय केली. आई त्याचाही अर्थ ‘कपडे काढा’ असाच घेते, आणि मी तो दुरुस्त केलेला नाही.