नवी भाषा शिकताना अडते ती टूलचेन

हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा सगळ्यांनी मोनॅड या तिच्यातल्या अवघड संकल्पनेची धास्ती घातली होती. मोनॅडपर्यंत पोहोचायच्या आधीच गाडी टूलचेनवर, म्हणजे कोड लिहायला, तपासायला आणि चालवायला लागणाऱ्या साधनांवर, अडली. प्रोग्रॅम टर्मिनलवर व्यवस्थित चालायचा आणि एडिटरमध्ये मात्र त्याच फाइलभर लाल रेघा! कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारा कंपायलर खूश आणि एडिटर नाराज, म्हणजे विश्वास कोणावर ठेवायचा?

एडिटर स्वतः काहीच तपासत नसतो, हे तेव्हा नीट कळलं. त्याच्यामागे लँग्वेज सर्व्हर नावाचा वेगळा प्रोग्रॅम चालतो. २०१६ मध्ये या दोघांच्या संवादाचा एक सामाईक प्रोटोकॉल आला आणि प्रत्येक एडिटरसाठी वेगळं प्लगइन लिहिण्याची कटकट कमी झाली. पण जुळवायची आवृत्तीही एक वाढली. हास्केलचा सर्व्हर जीएचसीच्या, म्हणजे हास्केलच्या कंपायलरच्या, ठरावीक आवृत्त्यांसाठीच बांधलेला असतो, आणि माझ्या मशीनवरचा कंपायलर त्याच्यापेक्षा नवा होता. जीएचसीअप या हास्केलच्या इन्स्टॉलरच्या यादीत सर्व्हरशी जुळणाऱ्या आवृत्त्यांपुढे तशी खूण असते. त्यातली एक टाकली आणि रेघा गेल्या.

तेव्हापासून एरर आली की आधी बघते, बोलतंय कोण? कंपायलर, त्याने बनवलेले तुकडे जोडणारा लिंकर, लायब्ररी आणणारा पॅकेज मॅनेजर की एडिटर? रस्ट ही भाषा शिकताना याचा लगेच उपयोग झाला. पहिल्याच बिल्डला ‘लिंकर सीसी सापडला नाही’ असा संदेश आला. रस्टचा इन्स्टॉलर रस्टअप कंपायलर आणतो, पण शेवटची जोडणी लिनक्सवर सहसा सिस्टीममधल्या सी भाषेच्या टूलचेनकडून होते. ती टाकली, विषय संपला. मेमरीचा वापर तपासणाऱ्या बॉरो चेकरशी भांडणं पुढे भरपूर झाली, पण त्याच्या एरर निदान वाचण्यासारख्या असतात. चूक कुठे आहे ते दाखवतात, बऱ्याचदा उपायही सुचवतात.

पायथॉन सोपी म्हणतात. भाषा सोपी आहेच. पण नव्या डेबियन लिनक्सवर लायब्ररी टाकणारं पिप थेट चालवलं की ‘हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं’ म्हणून नकार मिळतो. सिस्टीमची स्वतःची टूल्स त्याच पायथॉनवर चालतात, त्यामुळे तो नकार रास्तच. मग प्रोजेक्टपुरतं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायचं, आणि एडिटर भलताच इंटरप्रिटर (पायथॉन चालवणारा प्रोग्रॅम) धरून बसला नाही ना, हेही बघायचं. मॉड्यूल सापडत नाही असं दिसलं की मी आधी सिस.एक्झिक्युटेबल, म्हणजे नेमका कोणता पायथॉन चालतोय त्याचा पत्ता, छापून बघते.

गो या भाषेत त्रास जुन्या लेखांचा. २०१८ च्या १.११ आवृत्तीत प्रोजेक्ट कुठेही ठेवू देणारी मॉड्यूल्स आली, तरी गोपाथ या ठरलेल्या फोल्डरमध्येच प्रोजेक्ट ठेवा म्हणणारे लेख अजून सर्चमध्ये वर येतात. आता मी लेखाची तारीख आधी वाचते.

हल्ली नवी भाषा घेतली की एडिटर उघडायच्या आधी टर्मिनलवरच एक छोटा प्रोग्रॅम चालवते, बाहेरची एक लायब्ररी जोडते, एक टेस्ट लिहिते. चूक शोधायला प्रोग्रॅम मध्येच थांबवू देणारा डिबगर सर्वात शेवटी. हास्केलचा डिबगर तर अजूनही अंगवळणी पडलेला नाही. मूल्य गरज पडेपर्यंत काढलंच जात नाही, त्यामुळे ब्रेकपॉइंटवर थांबून बघावं तर व्हेरिएबलच्या जागी नुसता अंडरस्कोर. तिथे मी सरळ प्रोग्रॅम चालतानाच संदेश छापणारं डीबग.ट्रेस वापरते.