जुन्या देशगीतातला शब्द बदलायचा असेल तर

देशभक्तीच्या गाण्यात सर्वांत आधी शिळे होतात ते आकडे. 'वंदे मातरम्'च्या पुढच्या कडव्यात मुळात 'सप्तकोटि' कंठ आहेत. सात कोटी ही त्या काळच्या बंगाल प्रांताची ढोबळ लोकसंख्या. वंगभंगाच्या चळवळीत गाणं देशभर पोचलं तेव्हा तिथे 'त्रिंशकोटि' आलं, आणि पुढे 'कोटि कोटि' रूढ झालं.

आता मात्रा मोजा: लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक; गुरु म्हणजे दीर्घ, अनुस्वाराच्या किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराच्या दोन. सप्तकोटि: २, १, २, १. त्रिंशकोटि: २, १, २, १. कोटि कोटि: तेच. नुसती बेरीज सहा आली म्हणून भागत नाही, गुरु-लघूंचा क्रमही जसाच्या तसा राहिलाय, म्हणून चालीला धक्का लागला नाही. आजच्या लोकसंख्येसाठी कुणी 'शतकोटि' घालू गेलं तर एक मात्रा कमी पडते आणि सुरुवातीलाच दोन लघु येतात. 'अब्जावधी'त एक मात्रा जास्त होते. पुढच्याच ओळीत 'द्विसप्तकोटि' म्हणजे दोनदा सात कोटी भुजांच्या जागी 'कोटि कोटि' आलं, तिथे मात्र सातच्या सहा मात्रा झाल्या आणि माणशी दोन हातांचा हिशेबही गेला. तरीही मला हा बदल पटतो, कारण पुढच्या जनगणनेला तो पुन्हा करावा लागत नाही.

ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २०२१ पासून राष्ट्रगीतातला 'यंग' काढून 'वन' घातला. तिथल्या मूळ रहिवाशांचा इतिहास हजारो वर्षांचा, मग देश 'तरुण' कसा? एका उच्चारखंडाच्या (सिलेबलच्या) जागी एकच उच्चारखंड आला आणि ओळीच्या टोकाचं 'फ्री' तसंच ठेवलं. यमकाचा शब्द हलवला की जोडीची ओळही लिहावी लागते, आणि तिथून गाणं हातातून सुटतं.

जुनं झालं म्हणून सगळंच बदलू नये. आपल्या राष्ट्रगीतातला 'सिंध' वगळावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली फेटाळली. मला तो निर्णय योग्य वाटतो. तो शब्द फक्त नकाशावरचा नाही.

काम करताना जुन्या ओळीवर स्वर लिहा, सम (तालाची पहिली, जोराची मात्रा) आणि 'खाली' (तालातली बिनजोराची जागा) यांच्या खुणा करा, आणि बदलायच्या शब्दावर कोणता स्वर तालाच्या किती मात्रा टिकतो ते पाहा. लांबवायच्या स्वरावर गुरु हवाच. तार सप्तकात, म्हणजे वरच्या पट्टीच्या स्वरांत, 'आ' किंवा 'ओ' असेल तर आवाज मोकळा लागतो. 'ई' आणि 'ऊ'वर समूहाचा गळा आवळतो. द्रुत म्हणजे जलद लयीत जोडाक्षरं गिळली जातात. आणि शब्द मधेच तोडून श्वास घ्यावा लागत असेल तर तो शब्द कितीही सुंदर असो, सोडून द्या. वर्गातल्या मुलांकडून पेटीशिवाय, नुसत्या टाळीवर म्हणवून घ्या. जिथे निम्मी मुलं अडखळतात तिथे दोष बहुधा शब्दात असतो.

हक्कांचंही पाहावं लागतं. भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि संगीतकाराचा हक्क वेगळा मोजतात. मुदत संपली तरी स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ खाली, शब्दांची मोडतोड होऊन कवीची अप्रतिष्ठा झाली असं वाटल्यास वारस हरकत घेऊ शकतात. म्हणून छापताना मूळ कवीचं नाव वर द्या, बदललेली ओळ वेगळ्या ठशात ठेवा आणि तिच्याखाली मूळ ओळही छापा.