काम झाले नाही

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका चर्चच्या कार्यालयात मी लिपिक आहे. बाप्तिस्म्याचे दाखले लिहिणे, सभागृहाचे भाडे जमा करणे आणि रविवारच्या मराठी मिस्सेचे वाचनपत्रक छापणे, ही माझी कामे. शनिवार, २३ सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी मी ते पत्रकच तपासत होतो. दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान मत्तयच्या विसाव्या अध्यायातले होते : द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाच वेळा स्वतः बाहेर पडतो, काम न मिळालेल्या माणसांना मळ्यात पाठवतो आणि शेवटच्या तासाला आलेल्यांनाही पहिल्यांइतकीच मजुरी देतो.

सभागृहामागची सेप्टिक टाकी पावसाने तुंबली होती आणि रविवारी तेथे एका कुटुंबाचे बाप्तिस्म्याचे जेवण ठरले होते. मागवलेल्या तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी, साडेचार हजारांचे, मीच निवडून फादरांच्या सहीसाठी ठेवले होते. बाकीच्या दोघांनी मैला यंत्राने उपसणाऱ्या सक्शन गाडीचा खर्च धरला होता आणि याने धरला नव्हता, एवढाच काय तो फरक होता. तो मला दिसलाही होता, पण काटकसर म्हणून मी तो सोडून दिला.

साडेदहाच्या सुमारास दोन माणसे दारात आली. त्यांच्याजवळ बांबू, बादली आणि दोर होता. त्यांतल्या वयस्कर माणसाने विचारले, "साहेब, एक मेणबत्ती मिळेल का?" मारियामातेपुढे लावायची असेल असे समजून मी खणातून एक काढली आणि पैसे नकोत म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, "देवापुढं नाही, टाकीत सोडायची. इझली नाही, की उतरायचं."

मी जागेवरून उठलो. टाकीत मिथेन साठला असेल, तर त्या ज्योतीनेच भडका उडू शकतो. आणि हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतका असतानाही मेणबत्ती शांतपणे जळत राहते. सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा येणारा त्याचा वास प्रमाण वाढल्यावर नाकाला कळेनासा होतो, म्हणून वास नाही याचाही भरवसा धरता येत नाही. मी काम थांबवायला सांगितले आणि कंत्राटदाराला फोन केला. गौरी-गणपतीच्या विसर्जनामुळे आज गाडी मिळणार नाही, असे सांगून तो पुढे म्हणाला, "त्यांना सवय आहे." तुमची माणसे, तुमची जबाबदारी, असे त्याला ऐकवण्याची माझी इच्छा होती, परंतु हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे' हे शब्द मला ठाऊक होते. सुरक्षासाधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा कंत्राटदाराइतकाच त्याला काम देणाऱ्याचाही होतो, आणि कमी दराच्या त्या कागदावर शिफारस माझी होती. (पुढच्याच महिन्यात, २० ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावणाऱ्या कामगारांच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली.)

काम थांबले आणि मला थोडे समाधानही वाटले. ते फार टिकले नाही. दोर गुंडाळता गुंडाळता तो माणूस म्हणाला, "थांबवलं ते बरं केलं. पण आजची हजेरी? गाडी येईल त्या दिवशी तो आम्हाला बोलवणार नाही." मी त्यांचा जीव वाचवला असे मनाशी म्हणत होतो आणि त्यांच्या हिशेबात त्यांचा रोज बुडवला होता. मी फादरांकडे गेलो. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग प्रत्येकी ८०० रुपये कार्यालयाच्या रोकडीतून द्यायला सांगितले. जेवण त्या कुटुंबाने दुसरीकडे हलवले. ते नाराज झाले, आणि ते साहजिक होते.

सोमवारी व्हाउचर भरताना 'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी 'काम झाले नाही' असे लिहिले. खजिनदारांनी ते परत पाठवले. काम झाले नाही तर मजुरी कसली, असे त्यांनी कडेला पेन्सिलीने विचारले होते. आदल्या दिवशी मिस्सेला ते पहिल्याच बाकावर होते. मी रकान्यातील शब्द बदलले नाहीत. त्यांच्याखाली दोघांची पूर्ण नावे लिहून कागद पुन्हा त्यांच्याकडे पाठवला. ती नावे मी पैसे देताना विचारून घेतली होती, कारण कंत्राटदाराच्या दरपत्रकात फक्त 'लेबर २' एवढेच होते.