दार उघडे होते, तरी ती पळाली का नाही?

फोंड्यातल्या आमच्या वाचकमंडळात अपहरणावरची कादंबरी चर्चेला आली की हा प्रश्न ठरलेला असतो, आणि अशा कादंबऱ्या मीच आग्रहाने सुचवीत असल्यामुळे तो माझ्याकडेच वळतो. गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींनी चहा ओतता ओतता तोच विचारला, म्हणून एकदाचे नीट लिहून काढते.

त्या दिवशीचे पुस्तक होते कॅनडाच्या शेव्ही स्टीव्हन्स यांचे २०१० साली आलेले ‘स्टिल मिसिंग’. घरे विकण्याचा व्यवसाय करणारी एक तरुणी विक्रीचे घर दाखवायला थांबलेली असताना गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस तिला पळवून नेतो आणि डोंगरातल्या एका घरात वर्षभर डांबून ठेवतो. लेखिका स्वतः हाच व्यवसाय करीत होती, त्यामुळे रिकाम्या घरात अनोळखी माणसाची वाट पाहण्यातली धाकधूक तिने ऐकीव माहितीवर लिहिलेली नाही. तिची खरी हुशारी मात्र मांडणीत आहे. सारी हकिगत नायिका सुटून आल्यानंतर मनोविकारतज्ज्ञापुढे बसून सांगते. म्हणजे ती सुटेल की नाही, ही उत्कंठा लेखिकेने सुरुवातीलाच सोडून दिली आहे. सुटून आलेली ही बाई स्वतःच्या घरात कपाटात का झोपते, आणि शौचाला जायलाही त्या माणसाने लावून दिलेल्या वेळा का पाळते, हे समजून घेण्यासाठी आपण पाने उलटत राहतो. शेवटचा रहस्यभेद मला, खरे सांगायचे तर, थोडा ओढूनताणून आणलेला वाटला. ते कपाट काही डोळ्यांपुढून हलत नाही.

वहिनींचे म्हणणे असे की त्या माणसाने तिला भुरळच घातली असणार. भुरळ म्हटले की मला पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी असलेला आबे फारियांचा पुतळा आठवतो. दोन्ही हात पुढे पसरून ते वाकलेले आहेत आणि त्यांच्यापुढे एक स्त्री मागे कोसळते आहे. नवख्या पर्यटकाला हा माणूस बाईवर चालून जातो आहे असेच वाटते. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये सांगितले ते नेमके उलटे होते. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कोणतीही चुंबकीय शक्ती बाहेर पडत नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कैदेतल्या बाईची गोष्ट अर्थातच संमोहनाची नव्हे, पण तिच्या आज्ञाधारकपणाकडेही मला तिच्याच बाजूने पाहावेसे वाटते. पावलांच्या आवाजावरून आज त्याची तऱ्हा काय आहे ते ओळखणे, कोणता शब्द टाळायचा ते लक्षात ठेवणे, भूक लागली तरी चेहरा न बदलणे, ही तिने जिवंत राहण्यासाठी कमावलेली विद्या असते, आणि दार उघडले म्हणून ती त्याच क्षणी अंगातून उतरत नाही.

व्हिएन्नामध्ये २ मार्च १९९८ रोजी शाळेच्या वाटेवरून पळवली गेलेली दहा वर्षांची नताशा कांपुश २३ ऑगस्ट २००६ रोजी निसटली, ती ३,०९६ दिवसांनी. मधल्या काळात त्या माणसाने तिला घराबाहेरही नेले होते, अगदी बर्फावर स्कीइंगलासुद्धा. साहजिकच तिलाही हाच प्रश्न विचारला गेला. ती रडली नाही, मोजूनमापून बोलली, हेही अनेकांना खटकले. १९७३ सालच्या बँकेतल्या ओलीसनाट्यावरून रूढ झालेले, कैद्याला कैद करणाऱ्याचाच लळा लागतो असे सांगणारे ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हे लेबल तिने साफ नाकारले, आणि मला तिचे पटते. कुलूप लावणारा राहतो बाजूला आणि निदान होते ते आत कोंडलेल्या मुलीचे.

माझा स्वतःचा अनुभव यापुढे हास्यास्पद आहे. पूर्वी एका कार्यालयाच्या दप्तरखोलीत मी जुन्या फायली पाहत असताना शिपाई चुकून बाहेरून कडी घालून जेवायला गेला. जेमतेम दोन तासांची गोष्ट, तीही कोणाच्या वाईट हेतूशिवाय घडलेली. वहिनींना मी ती सांगितली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला, मी बसले होते त्या दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिले, आणि पंख्याखालची जागा रिकामी असूनही मला तिथे बसायचा आग्रह केला नाही.